दवंडीवाल्याचं स्वतःचं वाक्य

फार जुनी गोष्ट, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही. तिथे एक तरुण दवंडीवाला होता. आवाज असा खणखणीत, की चौकात डफावर थाप मारून त्याने 'ऐका हो ऐका, हुकूम सरकारचा' म्हटलं की वाण्याचा तराजूसुद्धा हवेत थांबायचा.

दिवसभर तो दुसऱ्याचे शब्द ओरडायचा. दिवस कलला की डफ बाजूला ठेवून तळ्याच्या पायरीवर बसायचा. मी खरा कोण, माझं स्वतःचं वाक्य कोणतं, याचा विचार करायचा.

तळ्यात एक म्हातारी कासवीण होती. जिभेची तिखट.

"काय रे, सापडलास का आज?"

"अजून नाही, आजी. पण जवळ आलोय."

"तीन वर्षं जवळच येतोयस. एवढ्यात मी डोंगर चढून उतरले असते."

तो हसायचा. आपण निदान विचार तरी करतो, एवढ्यावर त्याला गाढ झोप लागायची.

एके दिवशी हुकूम निघाला; दवंडी दुसऱ्या दिवशी पिटायची होती, पण कुणकुण आधीच गावभर झाली. तळं बुजवायचं, तिथे हत्तीखाना बांधायचा, घरटी एकाने फावडं घेऊन यायचं. गावाला प्यायला दुसरं पाणी नव्हतं.

त्या संध्याकाळी कासविणीने थट्टा केली नाही. "गाव आतून धुमसतंय, पण पहिलं तोंड कोण उघडणार? तुझं ऐकायची त्यांना सवय आहे. उद्या एवढंच म्हण, तळं बुजवू देऊ नका."

"हेच, आजी. माझं वाक्य हेच."

अंधार पडेपर्यंत तो ते घोकत बसला.

सकाळी चौक भरला. शिपाई नव्हता, कुणी भाला रोखला नव्हता. त्याने थाप मारली. "ऐका हो ऐका," आणि पुढचं जिभेवरून आपसूक घसरलं, "हुकूम सरकारचा." लोक कान देऊन उभे. त्याने डफ सावरला. मग सगळा हुकूम म्हटला, एक शब्द न चुकता, नेहमीहून गोड आवाजात. लोक माना खाली घालून फावडी आणायला गेले.

तिसऱ्या संध्याकाळी पायरीपुढे नुसती माती होती. ढिगातून कासवीण कशीबशी वर आलेली, पाठ तडकलेली.

"सापडलास का?"

"सापडलो."

"कुठे?"

"चौकात."

कासविणीने मान आत ओढली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी हत्तीखान्याच्या मुहूर्ताची दवंडी होती. त्याने ती पिटली.

बोध एवढाच: माणूस दिवसाच्या कामात असतो तेवढाच असतो, संध्याकाळच्या विचारांनी त्यात तसूभर भर पडत नाही.