तीस हजारची पॉवर बँक

अकरावीत कॉलेज सोडलेल्या जुईला भरतीच्या चाचणीसाठी गुवाहाटीला जायचं होतं. दोन दिवसांची रेल्वे. तिकीट मोबाईलमध्ये, चाचणीची वेळही मोबाईलवरच कळणार. तो बंद पडला की नोकरी गेली. हातात सहाशे रुपये.

मामा तिला पॉवर बँक घ्यायला व्यापारी संघाच्या अध्यक्षांच्या, मोतीशेठच्या दुकानात घेऊन गेले.

"ही दहा हजार एमएएचची, ही तीस हजारची. आकडा मोठा तितकी वीज जास्त. दोन्ही सहाशेलाच," शेठ म्हणाले. "शिक्षण सोडलेल्यांना आकडे कळत नाहीत, म्हणून सांगतो, तीसची घे."

मामांनी मान डोलावली. शेठपुढे त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

काउंटरवर कुरिअरच्या पार्सलांसाठी वजनकाटा होता. जुईने दोन्ही त्यावर ठेवून पाहिल्या. दहा हजारची दोनशे दहा ग्रॅम भरली, तीस हजारची एकशे तीस.

"शेठ, तिप्पट वीज साठवायची तर आत सेल जास्त लागतात. मग ही हलकी कशी?"

"नवी टेक्नॉलॉजी आहे, पोरी."

"नवी कसली? आकडा खोक्यावर छापला, सेल भरायचे राहिले. दहाची द्या."

शेठनी दहाची पुढे सरकवली.

मामा बघतच राहिले. तीस वर्षं ते या दुकानात येत होते. त्या काट्यावर शेठचा शब्द ठेवून बघावा, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.