स्तंभावरची लहान ढाल

रोमच्या साम्राज्याचे दिवस कलतीला लागले होते, त्या काळात एकदा सीमेवरच्या एका नगराला आपल्या पूर्वजांची आठवण झाली. संकट दाराशी येईपर्यंत पूर्वज कोणाला आठवतात? तीन पिढ्या तिथे शांतता नांदली होती. सैन्य केव्हाच दूर निघून गेले होते, आणि मागे राहिलेली चिलखते वितळवून लोकांनी नांगराचे फाळ आणि चुलीवरच्या कढया करून घेतल्या होत्या. आता डोंगरापलीकडून लुटारूंच्या टोळ्या खाली उतरू लागल्या, तेव्हा नगरप्रमुखाने चाळीस तरुण निवडले आणि आज्ञा केली, की यांना पूर्वजांसारखे सज्ज करा. पूर्वज कसे सज्ज होत, हे सांगणारे मात्र कोणी जिवंत नव्हते. चौकात एक दगडी विजयस्तंभ तेवढा उभा होता, आणि त्यावर कोरलेले सैनिक.

काम आले एका वृद्ध शस्त्रकाराकडे. त्याचे हात आता कापत, म्हणून घण त्याने शिष्याच्या हाती दिला होता. शिष्य तिशीतला, कामाला वाघ, आणि आपल्या डोळ्यांवर जरा जास्तच विश्वास असलेला. त्या चाळीस जणांत त्याचा धाकटा भाऊ होता. वडील लवकर गेले. या भावाला त्याने कडेवर वागवले होते, आपल्या ताटातले भरवले होते. म्हणून पहिले चिलखत आणि पहिली ढाल धाकट्यासाठी घडवायची, हे त्याने मनाशी पक्के केले. भाऊ जिवंत परत यावा, याखेरीज त्याला दुसरे काही नको होते.

तो शिडी लावून स्तंभावर चढला आणि दोरीने एकेक सैनिक मोजू लागला. डोके किती बोटे, खांद्यापासून कमरेपर्यंत किती, ढाल किती. मग तेच प्रमाण त्याने धाकट्याच्या अंगाला लावले. हिशेबात तो कुठेही चुकला नाही.

पहिल्यांदा चिलखत झाले. स्तंभावर लोखंडी पट्ट्या अंगाला अशा चिकटलेल्या होत्या, की खालून पोटाचे वळणसुद्धा दिसे. शिष्याने तसेच घडवले. धाकट्याने ते चढवले, वहाणेचा बंद सुटला म्हणून तो बांधायला वाकू लागला, आणि अर्ध्यावरच अडकला. भट्टीवरचे सगळे पोट धरून हसले. म्हाताराही हसला आणि म्हणाला, दगडाला कधी वहाण बांधावी लागत नाही. शिष्याला वाटले, आपलाच हात बिघडला असेल. त्याने पट्ट्या सैल केल्या आणि गोष्ट तिथेच सोडून दिली.

ढालीचे मात्र कोणाला हसू आले नाही. ती खांद्यापासून कमरेपर्यंत येई, वजनाला हलकी, दिसायला देखणी. धाकटा तर ती हातात घेऊन अंगणभर मिरवला. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, की ही लहान आहे. शिष्याने तीनदा मोजल्याचे सांगितले. तेव्हा म्हाताऱ्याने खुंटीवरची एक वाकलेली पितळी पट्टी दाखवली. जुनी विहीर उपसताना ती गाळात सापडली होती. ढालीच्या कडेला मारतात तशीच तिची घडण होती, पण सरळ केली तर ती माणसाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पोचली असती. शिष्याने ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. एखाद्या पेटीची असेल, नाहीतर दाराची, असे तो म्हणाला. मनासारखे मोजमाप हाती लागल्यावर माणसाला दुसरे मोजमाप डोळ्यांसमोर नको असते.

“गुरुजी, ज्यांनी स्तंभ कोरला त्यांनी सैनिक डोळ्यांनी पाहिले होते,” तो म्हणाला. “आपण पाहिलेले नाहीत. दगड कशाला खोटं बोलेल?”

म्हाताऱ्याने पट्टीकडे एकदा पाहिले आणि तो भट्टी विझवायला उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक विचित्र गोष्ट केली. कूच करायला अवघे नऊ दिवस उरले होते, एकोणचाळीस ढालींची लाकडे कापायची राहिली होती, आणि त्याने भट्टी थंड ठेवली. शेजारच्या भटारखान्यातून पाव वाहायची एक लांबरुंद फळी त्याने मागवून घेतली. ती धाकट्याच्या हाती देऊन त्याला सांगितले, की समोरून भाले येताहेत असे समज आणि फळीआड उभा राहा. मग चुन्याने सारवलेली एक पाटी आणि कोळसा त्याने शिष्यापुढे ठेवला.

“याचं चित्र काढ. हा गेल्यावर ते आईजवळ राहील.”

शिष्य मनातून चरफडला. वेळ कोणती आणि गुरुजींना सुचतेय काय! पण आईसाठी म्हटल्यावर त्याला नाही म्हणवेना. तो बसला. सुरुवातीला त्याचा हात रागाने चालला, मग हळूहळू सावकाश झाला. लहानपणी ओट्यावरून पडल्याची खूण धाकट्याच्या भुवईवर होती, ती त्याने काढली. पुढचा दात जरासा तुटलेला होता, तोही काढला. हनुवटी अगदी वडिलांसारखी आली. काढता काढता त्याचे डोळे भरून आले, आणि आपण भावाकडे इतके निरखून आजवर कधी पाहिलेच नव्हते, असे त्याला वाटले.

चित्र पुरे झाले तेव्हा म्हातारा जवळ आला. त्याने बराच वेळ ते पाहिले, छान जमल्याचे सांगितले, आणि मग शिष्याचीच दोरी उचलून चित्रावर ठेवली. चित्रातली फळी खांद्याखाली सुरू होऊन कमरेशी संपत होती. म्हाताऱ्याने समोर बोट दाखवले. धाकटा अजून तसाच फळीआड वाकून उभा होता. फळी नाकापासून गुडघ्याच्या खालपर्यंत आली होती, आणि वरून त्याचे दोन डोळे तेवढे दिसत होते.

“फळी लहान का केलीस?” म्हाताऱ्याने विचारले.

“जशी आहे तशी काढली असती, तर त्याचं तोंड झाकलं गेलं असतं. आईनं मग काय पाहायचं?”

हे शब्द तोंडातून गेले आणि शिष्य थांबला. त्याने चित्राकडे पाहिले, फळीकडे पाहिले, आणि मग भिंतीला टेकवलेल्या त्या देखण्या ढालीकडे पाहिले.

म्हातारा त्याच्या शेजारी खाली बसला. “बाळ, स्तंभ खोटं बोलत नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनाही कोणाचे तरी चेहरे राखायचे होते. म्हणून त्यांनी ढाली लहान केल्या, आणि छाती भरदार दिसावी म्हणून पट्ट्या अंगाला चिकटवल्या. ती चूक नव्हे, ती माया आहे. आता त्या सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालाची गाठ पाहा. ती कोणाला दाखवायची म्हणून कोरलेली नाही. कोरणारा जे रोज पाहत होता तेच त्याचा हात कोरत गेला. तिथं दगडावर खुशाल विसंबून राहा. पण कोरणाऱ्याचा जीव जिथं गुंतला असेल, तिथं दोरी लावण्याआधी गाळातल्या पट्टीलाही विचारत जा. तिला बिचारीला कोणाचं कौतुक करायचं नसतं.”

शिष्याने खुंटीवरची पट्टी काढली, ऐरणीवर सरळ केली आणि धाकट्याच्या खांद्याला लावून पाहिली. ती गुडघ्यापाशी येऊन थांबली. भाता ओढायला म्हातारा स्वतः बसला.

नवव्या दिवशी चाळीस जण मोठ्या ढाली तोंडापर्यंत उंच धरून वेशीतून बाहेर पडले. गळ्यात रुमाल होते, स्तंभावर होती तशीच गाठ मारलेले. आई रस्त्याच्या कडेला टाचा उंचावून उभी होती. ढालीवरून नुसते डोळे दिसत होते, आणि आपला मुलगा कोणता ते तिला शेवटपर्यंत नीट कळले नाही. घरी आल्यावर ती मोठ्या मुलावर रागावली. असली कसली दाराएवढी ढाल केलीस, जाताना लेकराचे तोंडसुद्धा दिसू दिले नाहीस, असे म्हणून ती रडली. त्याने मुकाट्याने चुन्याची पाटी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने ती मांडीवर घेतली आणि दिवा जवळ ओढला.

हिवाळा संपता संपता धाकटा परत आला. लंगडत नव्हता, कुठे जखम नव्हती, फक्त वाळला होता. त्याने ढाल भिंतीला टेकवली तेव्हा शिष्याची नजर आपसूक तिच्या खालच्या भागाकडे गेली. मांडीच्या उंचीवर भाल्यांची दोन भोके होती, टोके अडकून मोडलेली. पहिली ढाल तिथवर पोचलीच नसती. आईने त्या भोकांवरून बोटे फिरवली आणि काही न विचारता मोठ्याचा हात आपल्या हातात घेतला.

संध्याकाळी म्हातारा भेटायला आला. त्याच्यादेखत शिष्य कोळसा घेऊन उठला. घरात खरी ढाल उभी असताना शेजारी चुकीचे चित्र ठेवायला त्याच्यातला कारागीर तयार नव्हता. पाटीवरची ढाल गुडघ्यापर्यंत वाढवायची, एवढेच काम होते.

आईने पाटी उचलून पोटाशी धरली.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. “तुझी ढाल तिकडे उभी आहे, ती हवी तेवढी मोज. हा माझा मुलगा आहे.”

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. म्हातारा हसत होता, आणि त्याचे डोळे पाणावले होते. शिष्याने कोळसा चुलीत टाकला आणि तो भावाशेजारी जेवायला बसला.

जुने चित्र हाती आले, की ते कोणी कोणासाठी काढले हे आधी विचारावे, मोजमाप त्यानंतर.