अळणी आमटीची परीक्षा

फार जुनी नाही, अलीकडचीच गोष्ट. एका डोंगराखाली एक गाव होतं आणि त्या गावाचं एक छोटंसं बुद्धविहार होतं. दर पावसाळ्यात गावकरी एखाद्या भंतेंना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, वर्षावासासाठी बोलवायचे. तीन महिने भंते विहारात राहायचे आणि रोज एकेका घरी दुपारच्या आत जेवायचे.

त्या वर्षी आलेले भंते तरुण होते, शहरात शिकलेले. अंगावर चीवर, हातात मोबाईल. त्यांची प्रवचनं लोक मोबाईलवर ऐकायचे. त्यामुळे ते यायच्या आधीच गावात दोन तट पडले होते.

"लाखभर माणसं ऐकतात त्यांना," वाल्मीक टेलर म्हणाला.

"लाखभर माणसं नाचगाणीपण बघतात मोबाईलवर," म्हातारे केरूनाना म्हणाले.

धुरपताबाईला मात्र वेगळीच काळजी होती. तिच्या संघमित्राला लहानपणापासून फिट यायच्या. पोरीला रोज गोळी घ्यावी लागे. ध्यानाला बसलं की आजार पळतात, असं धुरपताबाईनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. माणूस खरा निघाला तर पोरीला त्यांच्यासमोर बसवायचं आणि गोळी बंद करायची, असं तिनं मनाशी धरलं होतं. खरा की खोटा, एवढंच तिला कळायला हवं होतं.

केरूनानांनी धुरपताबाईला युक्ती सांगितली. "पहिलं जेवण तुझ्याकडेच आहे ना? आमटीत मीठ घालू नको. चिडले तर ढोंगी, मुकाट जेवले तर खरे."

हे कानावर येताच वाल्मीकच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी तो विहारात गेला आणि हळूच म्हणाला, "भंते, उद्या आमटी अळणी येईल. तुमची परीक्षा घेतायत. काही बोलू नका, गप जेवा."

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं. भंतेंनी पहिला घास गिळला आणि ते म्हणाले, "ताई, जरा मीठ द्या."

केरूनानांनी मान हलवली. वाल्मीकनं कपाळाला हात लावला.

"आमटी अळणी असणार हे मला कालच कळलं होतं," भंते म्हणाले. "कळलं नसतं तर मी चिडलो असतो का, ते मलाही सांगता येत नाही. भूक तर चांगलीच लागली आहे. पेपर आधी फुटला होता. मग पास झालो असं कसं म्हणू?"

"फोडला कुणी?" केरूनानांनी विचारलं.

"ते राहू द्या. प्रेमानं फोडला."

सगळ्यांच्या माना वाल्मीककडे वळल्या, आणि ओसरीवर असा हशा पिकला की केरूनाना स्वतः उठून मीठ वाढायला गेले.

त्या दिवसापासून दोन तट मोडले. भंते म्हणतील ते गावाला पटू लागलं. आणि धुरपताबाईनं कुणालाही न विचारता संघमित्राची गोळी बंद केली.

पौर्णिमेला विहार भरलेलं होतं. वंदना चालू असताना संघमित्रा धाडकन खाली पडली. हातपाय झटकू लागली. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल हुंगवायला आणली. "भंते, पाणी मंतरून द्या," केरूनाना म्हणाले.

भंतेंनी पोरीला कुशीवर वळवलं आणि तिच्या डोक्याखाली घडी केलेली सतरंजी सरकवली. "तोंडात काही घालू नका. वारा येऊ द्या," एवढंच म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळानं झटके थांबले. संघमित्रानं डोळे उघडले.

"साधू, साधू," वाल्मीक हात जोडून म्हणाला. "भंतेंचा हात लागला आणि पोरगी शुद्धीवर आली."

"फिट आपली आपण थांबली, टेलरसाहेब. मी नुसता बसलो होतो." मग ते धुरपताबाईकडे वळले. "ताई, हिला काही औषध चालू आहे का?"

धुरपताबाईनं मान खाली घातली. "होतं. तुम्ही त्या दिवशी खरं बोललात, म्हणून बंद केलं."

भंतेंचा चेहरा उतरला. "खरं बोललो म्हणून डॉक्टर झालो का, माय? ध्यानानं हिची भीती कमी होईल कदाचित. फिटमधलं मला काही कळत नाही. चला, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

गावातल्या एकाची जीप काढून ते निघाले. दवाखान्यात डॉक्टर धुरपताबाईला खूप रागावले. भंते तिच्या शेजारी उभे राहून तिच्याबरोबर ते बोलणं ऐकत राहिले. गोळी परत सुरू झाली.

गावात परतल्यावर केरूनानांनी धुरपताबाईला गाठलं. "मग काय, भंते खरे का खोटे?"

"अजून बघतेय, नाना. वर्षावास संपायला वेळ आहे," धुरपताबाई म्हणाली. "पण जे येत नाही, ते येत नाही म्हणतात. उद्यापासून पोरगी त्यांच्याकडे बसायला येणार. गोळी खाऊन."

तात्पर्य: गुरूला एका परीक्षेत पारखू नये, रोजच्या वागण्यात बघत राहावं. ज्याला आपलं न कळणं सांगायची लाज वाटत नाही, त्याच्याजवळ खुशाल बसावं. पण आपली अक्कल दाराबाहेर काढून ठेवू नये.