सिदाप्पाच्या मागातली वाळू

एका राज्यात, जिथल्या मेंढ्या डोंगरमाथ्यावर धुकं चरत असत, सिदाप्पा नावाचा म्हातारा घोंगड्या विणी. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसे. त्याची घोंगडी पांघरली की माघातही घाम फुटे.

एके दिवशी रेशमी पागोट्याचा एक गृहस्थ दुकानात आला. सिदाप्पाने पागोटं पाहिलं आणि दुप्पट किंमत सांगितली. गृहस्थ जादूगार निघाला.

“माणूस पाहून किंमत करतोस,” तो म्हणाला. “यापुढे किंमत उच्चारलीस तर घोंगडी उसवेल आणि लोकर मेंढीच्या पाठीवर परत जाईल. गिऱ्हाईक देईल ते घे. कमी दिलं किंवा जास्त दिलं, तर तुझ्या खड्ड्यात वाळू पडेल. देणारा आणि घेणारा दोघंही मनातून समाधान पावतील, तेव्हा शाप सुटेल. खड्डा त्याआधी भरला, तर माग गेला.”

सिदाप्पा मुळातच काळजीखोर. त्याने तीन दिवस अन्न टाकलं. मग मागाच्या दांडीवर रोज येऊन बसणारी साळुंकी म्हणाली, “तीन उपाय कर. चौथ्याला वाळू थांबणार नाही.”

पहिल्यांदा त्याने दारात गाडगं ठेवलं आणि स्वतः पाठ फिरवून बसला. दिवसभर झुंबड उडाली. संध्याकाळी गाडग्यात निघाले खडे, चिंचोके आणि एक दात.

“दात कोणाचा?” साळुंकीने विचारलं.

“घाईतल्या गिऱ्हाइकाचा असेल,” सिदाप्पा म्हणाला. वाळू पोटरीपर्यंत आली.

दुसऱ्यांदा तो स्वतः दारात हात पसरून बसला आणि प्रत्येकाचं तोंड न्याहाळू लागला. आता खडे देण्याची कोणाची छाती झाली नाही. भागीरथी तेलीण तर भिडेपोटी घाण्याचा बैलच सोडून गेली. सिदाप्पाने तो परत नेऊन बांधला, पण पडलेली वाळू परत गेली नाही. ती गुडघ्यावर चढली. आणि त्या दिवसापासून दुकानाकडे कोणी फिरकेना.

फुकट्यांचं जाणं त्याला कळत होतं. पण भली माणसं का येत नाहीत? आपलंच काही चुकलं का?

“रखमाजी कुंभार हल्ली मागच्या बोळातून जातो,” साळुंकी म्हणाली. “दात वाजत होते त्याचे.”

सिदाप्पाने त्याला बोळात गाठलं. “रखमाजी, रागावलास?”

“नाही बाबा. लाज वाटते.”

“कसली?”

“द्यावं किती, ते कळत नाही. कमी दिलं तर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही. जास्त दिलं तर बायको माझं तोंड बघणार नाही. त्यापेक्षा कुडकुडलेलं बरं.”

सिदाप्पाने त्याचा हात धरला. किंमत सांगायला बंदी होती. काम सांगायला कोणी बंदी केली होती?

तिसऱ्यांदा त्याने रखमाजीला मागावर बसवलं. “सूत काढायला पंधरा दिवस. चिंचोक्यांची खळ लावून ते ताणायचं. मग पाच दिवस धोटा इकडून तिकडे फेकत विणायचं. टाक धोटा.”

रखमाजीने वाळूत पाय रुतवून वीस वेळा धोटा फेकला आणि कंबर धरली. “हे रोज?”

“रोज.”

रखमाजीने बोटं मोजली. “वीस दिवसांत माझे चार रांजण होतात. चार आणतो.”

सिदाप्पाच्या जिभेवर आकडा आला. त्याने जीभ चावली. “रखमाजी, तुझ्या भट्टीला लाकूड विकत लागतं. माझ्या मेंढ्यांना धुकं फुकट मिळतं.”

रखमाजीने डोकं खाजवलं. “मग तीन. आणि एक गळका देतो, ही वाळू भरायला.”

दोघंही हसले. पण गळक्या रांजणाची गरज पडली नाही. वाळू खड्ड्यातून वर आली, मुंग्यांसारखी रांग धरून उंबऱ्याबाहेर पडली आणि नदीच्या वाटेला लागली.

मग भली माणसं पुन्हा येऊ लागली. शेजारपाजारचे मागावर बसून, काम पाहून देत. शाप सुटला होता, म्हणून परक्या वाटसरूंना सिदाप्पा किंमत सांगे, सगळ्यांना एकच.

एके सकाळी रेशमी पागोटं दारात उभं राहिलं. “किती देऊ?”

सिदाप्पाने वर पाहिलं नाही. “आधी बसा.”

जादूगाराने पागोटं काढून खुंटीला टांगलं, खड्ड्यात पाय सोडले आणि दुपारपर्यंत धोटा टाकला. उठताना त्याने मोहरा ठेवल्या. पूर्वी सिदाप्पाने मागितल्या होत्या, बरोबर तेवढ्या.

सिदाप्पाने अर्ध्या परत केल्या. आणि सवयीने एकदा खड्ड्यात डोकावून पाहिलं.