आगाऊ गेलं, अनामत अडली

"उंबरठा झिजलाय!" माणकशेट दारात उकिडवे बसून ओरडले. "भिंतीचा रंग उडालाय! फरशी गुळगुळीत झालीय! घर दिलं तसं राहिलेलं नाही. पाटल्या विसर आता, पोरी!"

सगुणा फुलारणीनं हातातली केरसुणी बाजूला टाकली. आईच्या पाटल्या होत्या त्या! आई गेली, तिची तेवढीच आठवण मागे उरली. आठ दिवसांवर सगुणाचं लग्न आलेलं, आणि त्या हातात घालूनच बोहल्यावर चढायचं हे तिनं कधीचं ठरवलेलं.

मग त्या शेटजींच्या तिजोरीत गेल्याच कशा? तर चार वर्षांपूर्वी सगुणा आणि तिचा बाप धोंडीबा फुलं विकायला राजधानीत आले, तेव्हा जन्मात पहिल्यांदा त्यांनी भाड्यानं घर घेतलं. शेटजींनी साखर पेरत समजावलं होतं, "सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. ते गेलं, ते काही परत मिळायचं नाही. पाटल्या मात्र अनामत. त्या तुमच्याच! घर मी दिलं तसं मला परत करा आणि पाटल्या घेऊन जा."

"जे परत देणारच, ते घेता तरी कशाला?" धोंडीबानं डोकं खाजवत विचारलं होतं.

"विश्वास हो धोंडीबा, विश्वास!"

बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. आता वेशीबाहेर त्यांचं स्वतःचं खोपटं उभं राहिलं, भाड्याचं घर सगुणानं झाडूनपुसून लख्ख केलं, आणि शेटजी बसले उंबरठा कुरवाळत!

सगुणा बापाला घेऊन थेट जैत्रपाल राजाच्या दरबारात गेली. शेटजींनाही बोलावणं गेलं. राजा मनाचा चांगला, पण हट्टी! एकदा तोंडातून शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी मागे घ्यायचा नाही.

"भाडं कधी थकलं होतं?" राजानं शेटजींना विचारलं.

"छे छे! पण बोली काय झाली होती, ते तिलाच विचारा ना महाराज," शेटजी म्हणाले.

"घर दिलं तसं परत करायचं," सगुणा म्हणाली. "पण महाराज, उंबरठा मी खाल्ला नाही हो! त्यावरून ये-जा केली. भाडं त्याचंच तर भरलं!"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या मात्र कपाळावर आठी! "शब्द म्हणजे शब्द! उद्या दुपारी मी स्वतः येतो. शेटजींनी दिलं होतं अगदी तसं घर शेटजींना परत कर. नाहीतर पाटल्या त्यांच्या!"

धोंडीबानं लेकीला बाजूला घेतलं. "पोरी, झिजलेलं लाकूड कुणाला वाढवता आलंय?"

सगुणाला रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता तिचं लक्ष शेटजींकडे गेलं. पोट सावरत, शिपायाचा खांदा धरून ते कण्हत कण्हत पायऱ्या उतरत होते. बघता बघता सगुणा खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी राजा दारात हजर. उंबरठा होता तसाच!

"काय गं, हे काय?"

"माझी तयारी आहे महाराज. पण ज्यांनी घर दिलं, ते शेटजी कुठं आलेत अजून?"

"अगं, हा काय मी!" शेटजी पुढे झाले.

सगुणानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुम्ही नव्हे हो! त्या शेटजींच्या मिशा काळ्याभोर होत्या. पुढचे दोन्ही दात जागच्या जागी होते. या दारातून ते सरळ आत यायचे, तुमच्यासारखं तिरकं व्हावं लागत नव्हतं! महाराज, शब्द म्हणजे शब्द. ज्यांनी दिलं त्यांनाच परत करायचं. यांनी चार वर्षांपूर्वीचे शेटजी आणावेत, मी तेव्हाचा उंबरठा आणते!"

"अगं बये, वय झालं माझं!" शेटजी कळवळले. "चार वर्षांत माणूस होता तसा राहील कसा?"

"अगंबाई! आणि तुमच्यावरून तर कुणी ये-जासुद्धा केली नाही!"

राजा हसता हसता खांबाला टेकला. "शेटजी, पाटल्या काढा! आणि सगुणा, आमच्या देवडीजवळचा गाळा फुलांसाठी तुला दिला. भाडं नाही, अनामत नाही!"

सगुणानं पाटल्या हातात चढवल्या, डोळ्यांना लावल्या आणि वाकून मुजरा केला. "उपकार झाले महाराज. पण आत्ताच विचारून ठेवते. गाळा सोडताना परत कुणाला करायचा? आजच्या महाराजांना, की तेव्हाच्या?"

राजानं आपल्या पिकू लागलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा खो खो हसत सुटला. शेटजींनाही हसू आवरेना. फक्त दातांची फट दिसू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला होता!