सुभद्राबाईंना मार्गदर्शक मिळाले

फार लांब नाही आणि सांगण्याइतकं जवळही नाही, असं एक जंगल होतं. तिथे लोकशाही होती. दर पाच पावसाळ्यांनी निवडणूक व्हायची आणि दर वेळी अस्वलमहाराजच निवडून यायचे. मतमोजणी महाराजांच्या गुहेत होई आणि गुहेत अंधार असे. बाहेर बसलेल्या प्राण्यांना निकाल ऐकू येई, तेवढ्यावर त्यांचं समाधान होई.

या जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठच्या एका बेहड्याच्या झाडाखाली, सुभद्राबाई साळिंदर जायबंदी प्राण्यांचा आश्रम चालवत. आश्रम काढायचा असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. एका उन्हाळ्यात हौसा नावाची चितळीण मागचा पाय फरफटत ओढ्यापर्यंत आली आणि कोसळली. कळप पुढे निघून गेला होता. सुभद्राबाईंनी दगडीपाला चावून जखमेवर लावला, वर पळसाचं पान बांधलं आणि स्वतःसाठी उकरलेले कंद तिच्यापुढे ठेवले. हौसा बरी होऊन गेली. पण तिने चार जणांना सांगितलं, चार जणांनी आणखी चार जणांना, आणि बेहड्याखाली रांग लागली. त्या रांगेमुळे सुभद्राबाई संस्थाचालक झाल्या.

काम त्यांना जमत होतं. जमत नव्हतं ते एकटेपण. आश्रमातले सगळे त्यांना मानत, पण काट्यांमुळे जवळ कोणी बसत नसे. एकदा हाडं सांधणारी कांडवेल एकालाच पुरेल एवढी उरली होती आणि हाडं मोडलेले दोघं होते. एक म्हातारा चौसिंगा, एक कोवळा ससा. बाईंनी सशाला लेप लावला. चौसिंगा तिसऱ्या दिवशी गेला. आपण बरोबर केलं की चूक, हे त्यांना कोणाला तरी विचारायचं होतं. पण ज्यांना विचारायचं ते सगळे त्यांच्याकडेच विचारायला येत.

त्याच सुमाराला दरबारात एक अडचण उभी राहिली. महाराजांना मंत्रिमंडळात तरुण चेहरे हवे होते, म्हणून त्यांनी जुने मंत्री काढून टाकले. काढलेले मंत्री गुहेबाहेर बसून दिवसभर गळा काढू लागले. महाराजांची दुपारची झोप मोडू लागली. तेव्हा फर्मान निघालं, की जंगलातल्या प्रत्येक सेवाभावी संस्थेच्या प्रमुखाला यापुढे एक अनुभवी मार्गदर्शक मिळेल. मार्गदर्शक विनामूल्य असेल. फक्त तो नाकारता येणार नाही.

बाकीचे संस्थाचालक हे ऐकून आपापल्या बिळांत शिरले. सुभद्राबाईंना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांनी बेहड्याखालची जागा झाडली आणि वाट बघत बसल्या.

त्यांच्या वाट्याला आले तरसोजीराव तरस. हे माजी पुरवठामंत्री. यांच्या काळात जंगलाचं मोहफुलांचं सार्वजनिक कोठार रिकामं झालं होतं. ते उंदरांनी खाल्लं असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उंदरांनी तो मान्य केला नाही, पण चौकशी उंदरांची असल्यामुळे त्यांचं मत विचारात घेता आलं नाही.

तरसोजीराव आले, हसले आणि सुभद्राबाईंच्या अगदी शेजारी बसले. तरसाचं कातडं जाड असतं. राजकारणात राहिलेल्या तरसाचं जास्तच. बसल्यावर त्यांनी आश्रमाची चौकशी केलीच नाही. त्यांनी विचारलं,

"सुभद्राबाई, संध्याकाळी सगळे झोपले की तुम्ही बोलता कोणाशी?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. बाईंना रडू आलं. त्यांनी चौसिंग्याची सगळी हकीकत सांगितली. तरसोजीरावांनी ती मधे न बोलता ऐकली आणि मग म्हणाले की मंत्रिपद गेल्यापासून त्यांच्याकडेही कोणी फिरकत नाही. हे खरं होतं. त्या दिवशी ते जे जे बोलले, ते बहुतेक खरंच होतं.

पहिला सल्लाही त्यांनी चांगला दिला. पाणी तुम्ही स्वतः का वाहता, असं ते म्हणाले. बरी होत आलेली माकडं नुसती बसून असतात, त्यांना सांगा. बाईंनी सांगितलं. माकडांनी वाहिलं. किती तरी दिवसांनी बाई दुपारच्या आडव्या झाल्या. त्यानंतर तरसोजीराव बोलतील ते बाईंना पटू लागलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं की आतापर्यंत बरे किती झाले. जवळपास सगळे, असं बाईंनी अभिमानाने सांगितलं. तरसोजीरावांचा चेहरा गंभीर झाला.

"मग तुमच्याकडे उरलं कोण? पाय बरा झाला की लाभार्थी निघून जातो. यात शाश्वत काय आहे?"

बाईंनी असा विचार केलाच नव्हता. तरसोजीरावांनी समजावलं की बऱ्या झालेल्याला एकदम बरा म्हणू नये, पहिला टप्पा पार केलेला म्हणावं. पट्टी लगेच सोडू नये. पट्टी ही लाभार्थ्याची ओळख असते. जायबंदी हा शब्दही त्यांना अपमानकारक वाटला. त्याऐवजी स्थिरपाद म्हणावं असं त्यांनी सुचवलं आणि आश्रमाचं नाव स्थिरपाद सेवाश्रम झालं. नाव बदलल्याने पायात काही फरक पडला नाही, पण मान ताठ झाली, असं दरबारातून जाहीर करण्यात आलं.

सुभद्राबाईंच्या मनात एक गोष्ट मात्र बरेच दिवस घोळत होती. आश्रमात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मागच्या पायाला एकाच तऱ्हेचा चावा असे. कोठार रिकामं झाल्यापासून उपाशी प्राणी पूर्वेच्या मोहबनात जात. मोहबन पूर्वी सगळ्यांचं होतं, आता ते महाराजांचं होतं आणि त्यावर रानकुत्र्यांचा पहारा होता. महाराजांकडे जाऊन हे पहारेकरी आवरा असं सांगावं, असं बाईंच्या मनात होतं. त्यांनी तसं तरसोजीरावांना बोलून दाखवलं.

तरसोजीराव मायेने हसले. ते म्हणाले, की तक्रार करणारा प्रमुख लहान राहतो आणि भागीदारी करणारा मोठा होतो. रानकुत्रे चावतात हे त्यांनी नाकारलं नाही. पण चावून झाल्यावर तेच जर जखमींना आश्रमात आणून पोचवू लागले, तर ते दाते ठरतील. शेवटी दाते व्हायला दात लागतातच.

अशा रीतीने योजना सुरू झाली. तिचं घोषवाक्य होतं, 'जखम दरबाराची, मलम जनतेचं.' रानकुत्रे आता उत्साहाने चावू लागले, कारण प्रत्येक चावा देणगीत जमा होत होता. पूर्वी ते मोहबनाजवळ आलेल्यांनाच चावत. आता ते घरोघरी जाऊन चावू लागले. आश्रमाला जागा कमी पडू लागली. सुभद्राबाईंचा दिवस पाला चावण्यात जाई आणि संध्याकाळी तरसोजीराव येऊन त्यांच्या नेतृत्वाचं कौतुक करत. बाई थकत होत्या. पण कोणीतरी शेजारी बसतंय, याचं त्यांना इतकं अप्रूप होतं, की थकण्याचं कारण शोधायला त्यांना फुरसत झाली नाही.

याच गर्दीत हौसा पुन्हा आली. या वेळी दुसरा पाय. तिला पाडस झालं होतं, ते बहिणीकडे ठेवून ती मोहफुलं वेचायला गेली होती. तिचा पाय लवकर सांधला आणि ती घरी जायचं म्हणू लागली. पण आश्रमाचा मोठा समारंभ जवळ आला होता, खुद्द महाराज येणार होते, आणि एकही जागा रिकामी दिसून चालणार नव्हतं. समारंभापर्यंत थांबवा, असं तरसोजीरावांनी सांगितलं. सुभद्राबाईंनी हौसाच्या चांगल्या पायावर नवीन पळसाचं पान बांधलं.

"बाई, पाय बरा आहे माझा," हौसा म्हणाली.

"पहिला टप्पा पार झालाय," सुभद्राबाई म्हणाल्या. आपल्याच तोंडून हे शब्द ऐकून त्यांना कसंसंच झालं. पण त्यांनी गाठ मारली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी रानकुत्रे वाजतगाजत आले. त्यांच्या नाईकाच्या तोंडात एक पाडस होतं. आई का येत नाही म्हणून ते तिला शोधत एकटंच निघालं होतं आणि वाटेत योजनेत सापडलं. नाईकाने ते बेहड्याखाली अलगद ठेवलं आणि देणगी मोजून घ्यायला सांगितलं. हौसा गर्दीतून पुढे आली. ती ओरडली नाही. ती पाडसाजवळ बसली आणि त्याचं रक्त चाटू लागली. चाटताना तिने एकदाच वर पाहिलं, सुभद्राबाईंकडे.

बाईंनी पाला चावला, लेप केला, पान बांधलं. तरसोजीराव आल्यावर त्यांनी घडलेलं सांगितलं. तरसोजीरावांनी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रत्येक मोठ्या प्रमुखाच्या आयुष्यात असा क्षण येतो," ते म्हणाले. "भावना थोडी बाजूला ठेवा. आणि हेही बघा, आई आणि लेकरू आज एका छताखाली आले. हे उद्या महाराजांसमोर सांगता येईल."

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. बाईंना त्याचीच भीती वाटली. एवढे दिवस त्या ज्या आवाजाने शांत झोपी जात होत्या, तो हाच होता.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की उद्या दात्यांचा नीट सत्कार व्हायला हवा. रानकुत्र्यांना हार घालावेत आणि महाराजांच्या मोहबनातली आंबवलेली फुलं पोटभर खाऊ घालावीत. तरसोजीरावांना समाधान वाटलं. बाई शिकल्या, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी लगेच दरबारातून फुलं मागवली. मग दुपारभर सुभद्राबाई प्रत्येक लाभार्थ्याजवळ जाऊन पट्टी तपासत राहिल्या. पट्टी तपासताना कानाजवळ तोंड नेऊन बोलावं लागतं, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही.

समारंभ थाटात झाला. रानकुत्र्यांनी हार घालून घेतले आणि मोहफुलं खाल्ली. पुन्हा खाल्ली. महाराज बोलायला उभे राहिले.

"आमच्या आधीच्या राजवटीत जखमी हरणाला कोणी विचारत नव्हतं," महाराज म्हणाले. "आज प्रत्येक हरणाकडे स्वतःची जखम आहे. येत्या पाच पावसाळ्यांत या जंगलातला एकही प्राणी जखमेपासून वंचित राहणार नाही, हा माझा शब्द आहे."

टाळ्या झाल्या. ज्यांचे पुढचे पाय शाबूत होते, त्यांनी त्या वाजवल्या.

मग आश्रमाच्या प्रमुख म्हणून सुभद्राबाई उठल्या. आपल्या मार्गदर्शकांमुळे आश्रम कुठल्या कुठे पोचला, असं त्यांनी सांगितलं. आभार मानले. आणि शेवटी म्हणाल्या, की आता आमचे लाभार्थी महाराजांना मानवंदना देतील.

त्यांनी काटे सळसळवले. चितळं, माकडं, ससे, रानडुकरं, भेकरं, सगळे पट्ट्या बांधलेले लाभार्थी एकदम उठले आणि धावत सुटले. महाराजांसमोरून, नाईकासमोरून, धूळ उडवत, पळसाची पानं मागे टाकत, ओढा ओलांडून ते पलीकडच्या रानात गेले. नाईकाला त्यांच्यामागे धावायचं होतं. तो उठला, पण मोहफुलांमुळे जमीन त्याला तिरकी लागली आणि तो पुन्हा बसला. महाराजांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. ते बराच वेळ टाळ्या वाजवत होते.

बेहड्याखाली उरली हौसा, तिचं पाडस आणि खरोखर न चालता येणारे दोन-तीन जण.

संध्याकाळी तरसोजीराव आले आणि शेजारी बसले. कार्यक्रम अप्रतिम झाला, असं म्हणून ते हसले. त्यांना काहीच कळलं नव्हतं की सगळंच कळलं होतं, हे सांगणं कठीण आहे. तरसाच्या हसण्यावरून कधीच काही कळत नाही.

"रावसाहेब, तुम्ही माझं ऐकून घेतलंत," सुभद्राबाई म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही. पण उद्यापासून येऊ नका."

मार्गदर्शक नाकारण्याची तरतूद नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी दरबाराने मार्गदर्शक ठेवले आणि प्रमुख काढून टाकल्या. महाराजांच्या नुसत्या दर्शनाने लंगडे धावू लागले, अशी बातमी जंगलभर करण्यात आली. तरसोजीराव जखमकल्याणमंत्री झाले. आश्रम त्यांच्या पुतण्याकडे गेला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा भरला.

सुभद्राबाई ओढ्यापलीकडे गेल्या. पाडस हौसाच्या पाठीवर होतं, चालू न शकणाऱ्या बाकीच्यांना माकडांनी परत येऊन उचलून नेलं. तिकडे ना फलक होता ना कोणी प्रमुख. वेदना असेल तो यायचा आणि बरा झाला की निघून जायचा. संध्याकाळी हौसा बाईंपासून काटे लागणार नाहीत एवढ्या अंतरावर येऊन बसे. एकदा बाईंनी तिला चौसिंग्याची गोष्ट सांगितली, आणि मग चांगल्या पायावर बांधलेल्या पट्टीचीही. पहिलीवर हौसा म्हणाली की तिनेही बहुधा सशालाच वाचवलं असतं. दुसरी ऐकून ती उठली आणि पाडसाकडे गेली. पण दुसऱ्या दिवशीही ती येऊन बसली.

पुढच्या पावसाळ्यात निवडणूक लागली. या वेळी मात्र चुरस आहे असं म्हणतात. महाराजांच्या विरोधात लांडग्यांचा पक्ष उभा आहे आणि पाणवठ्यापाणवठ्यावर सभा गाजताहेत. जखमा सर्वांना मिळाल्या पाहिजेत यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. भांडण आहे ते फक्त चावा उजव्या पायाला घ्यावा की डाव्या, एवढ्याचंच.