कोठीच्या खोलीची कडी

“आणि मग ती मुलगी काय म्हणाली?” नओमीबाईंनी विचारलं.

सुकृता वाचता वाचता थांबली.

“कोणती मुलगी, बाई?”

“आत्ता वाचलीस ती. सलोमी.”

“ती काही म्हणाली असं लिहिलेलं नाही यात.”

“लिहिलेलं नाही, ते ऐकलं मी. काय म्हणाली, ते विचारतेय.”

सुकृतानं पान खाली ठेवलं आणि चष्मा पुसला.

शनिवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते. नओमीबाई शिनगारे चौऱ्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी बायबलबाई म्हणून काम केलं होतं. खांद्यावर चित्रांची गुंडाळी घेऊन बावीस गावं त्या पायी फिरल्या आणि ओट्याओट्यावर बसून बायकांना येशूच्या गोष्टी सांगत राहिल्या. आता दोन्ही डोळे गेले होते. मिशनच्या आवारात दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मांडीवर सूप होतं. त्या बोटांनी चाचपून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

सुकृता रणभिसे त्यांची शिष्या. चित्रांखालची अक्षरं बोटानं गिरवत ती वाचायला शिकली, ती याच बाईंच्या हाताखाली. आता ती पंचेचाळीस वर्षांची होती. उद्या रविवारी दहाच्या उपासनेत पाळकसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते आणि ती सबंध जिल्ह्याच्या स्त्रीसेवेची प्रमुख होणार होती. आपल्या जीवनाची साक्ष तिनं पुस्तकात लिहून काढली होती. सोमवारी कागद छापखान्यात द्यायचे होते. बाईंची प्रस्तावना तेवढी राहिली होती. बाई सांगतील तसं ती उतरवून घेणार होती आणि उद्या मंडळीपुढं वाचणार होती.

“प्रस्तावना म्हणजे काय गं?” आल्या आल्याच बाईंनी विचारलं होतं. “वरातीपुढं बँडवाले चालतात, तसं?”

“तसंच म्हणा,” सुकृता हसली होती.

“मग बँडवाल्याला आधी नवरी बघू दे. वाच.”

सोळा पानं बाईंनी मध्ये एक शब्द न बोलता ऐकली. सतराव्या पानावर हा प्रश्न आला.

“पुन्हा वाच तेवढं,” बाई म्हणाल्या.

सुकृतानं वाचलं. “‘मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका असताना सलोमी नावाची अकरा वर्षांची मुलगी पोटाच्या विकारानं अकस्मात गेली. त्या दुःखाच्या खोल दरीत प्रभूनं मला हाक मारली. मी नोकरी सोडली आणि सेवेचं दार माझ्यासाठी उघडलं.’”

“छान लिहिलंयस. बायका रडत असतील.”

“हुंदके देतात, बाई. बासष्ट गावांत सांगितलंय मी हे.”

“शेलवडीत सांगितलंस?”

सुकृतानं पानांच्या कडा सारख्या केल्या. शेलवडी हे सलोमीचं गाव. तिची आई शेवंता अजून तिथंच राहत होती.

“तिथली मंडळी फार लहान आहे, बाई. चार घरं.”

“चार घरांतल्या बायकांनाही रडता येतं.”

...

“नाव काय ठेवलंस पुस्तकाचं?”

“‘उघडलेलं दार’.”

बाईंची बोटं सुपात थांबली. मग त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

“आतल्या खोलीत तांब्या आहे. घोटभर पाणी आण गं.”

सुकृता आत गेली. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. बाई भिंतीला हात लावून उठल्या. पाच पावलं चालल्या. दार चाचपलं, ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. मग परत येऊन बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

“बाई, दार लागलं बघा,” आतून आवाज आला.

बाईंनी एक शेंग फोडली.

“बाई, अहो, कडी लागलीये.” सुकृता हसत होती. “काढा ना. पाणी सांडेल माझ्या हातून.”

बाईंनी एक गीत म्हणायला घेतलं. सावकाश, चारही कडवी म्हटली.

आधी दारावर बोटांची टकटक झाली. नंतर तळहात बसू लागला.

“बाई! मला अंधारात जीव घुसमटल्यासारखं होतं. ठाऊक आहे ना तुम्हाला?”

बाईंनी हात जोडले आणि मंडळीसाठी प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी केली. प्रवासात असलेल्यांसाठी केली. आमेन म्हणून पुन्हा शेंगा घेतल्या.

आता मुठी बसत होत्या. कडी थरथरत होती. तांब्या पडल्याचा आवाज झाला. दाराखालून पाण्याचा एक ओघळ बाहेर आला आणि बाईंच्या पायांपर्यंत पोचला. त्यांनी पाय हलवले नाहीत.

मग आतला आवाज थांबला.

तो थांबल्यावरही बाईंनी ओंजळभर शेंगा फोडल्या.

...

“कडी मी लावली होती,” आतून हळू आवाजात शब्द आले.

“डोळे गेले माझे, कानही चाललेत. मोठ्यानं बोल.”

“कडी मी लावली होती, बाई!”

बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. सुकृता दाराशीच ओल्या जमिनीवर बसली होती. ती बाहेर आली नाही. तिथूनच बोलली.

“रविवार बाजाराचा दिवस. घंटा झाली की पोरींच्या पोटात दुखायचं. आम्ही उपासनेला गेलो की त्या बाजारात जायच्या आणि रेवड्या खाऊन बऱ्या व्हायच्या. म्हणून मी नियम केला. ज्या मुलीचं दुखतंय, तिनं उपासना सुटेपर्यंत कोठीच्या खोलीत बसायचं. धान्याच्या पोत्यांजवळ. बाहेरून कडी.”

“चांगला नियम. मग कितीजणींचं दुखायचं?”

“नंतर कुणाचंच दुखेना. तीन महिने कुणाचं दुखलं नाही. मग सलोमीचं दुखलं.”

“आणि ती काय म्हणाली?”

सुकृतानं ओल्या पदरानं तोंड पुसलं.

“म्हणाली, ‘ताई, खरंच दुखतंय.’”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हणाले, ‘प्रत्येकीचं खरंच असतं.’”

बाई चाचपत आपल्या जागी परतल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

“पाहुणे पाळक आले होते त्या दिवशी. उपदेश लांबला. साडेबाराला उपासना सुटली. मी दार उघडलं तेव्हा ती पोत्याला टेकून बसली होती. अंगात ताप फणफणत होता. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, सकाळी आणली असती तर... मंगळवारी गेली.”

“शेवंताला काय सांगितलंस?”

“अचानक दुखायला लागलं म्हणून सांगितलं.”

“आणि कडी?”

“कडीचं कुणालाच ठाऊक नाही, बाई. मुली रांगेनं पुढं गेल्या होत्या. मी मागं एकटीच होते.”

“मला ठाऊक आहे,” नओमीबाई म्हणाल्या.

सुकृतानं वर पाहिलं.

“त्या उपासनेत पहिल्या बाकावर होते मी. भिंतीला लागून. भिंतीपलीकडं तुझी कोठीची खोली. ठकठक ऐकली मी.”

“तुम्ही... ऐकली?”

“मला वाटलं, शेळी असेल. शेळी शिंगं घासते दाराला. आणि पाहुण्यांचा उपदेश चालू होता. पहिल्या बाकावरून उठायचं कसं?” बाईंनी सुपातलं एक टरफल उचललं आणि ते चुरत राहिल्या. “मग ती ठकठक थांबली. मला बरं वाटलं, पोरी. उपदेश नीट ऐकू यायला लागला.”

...

बाहेर आवारात कुणीतरी उद्यासाठी खुर्च्या मांडत होतं. लोखंडी खुर्च्या एकावर एक आपटत होत्या.

“एकोणीस वर्षं बोलला नाहीत तुम्ही,” सुकृता म्हणाली.

“नाही.”

“मग आज मलाच का कोंडलंत?”

“मी उद्या नेहमीच्याच बाकावर बसणार आहे. तू वेदीपुढं उभी राहणार आहेस.”

सुकृता उठली. तिनं कागद गोळा केले आणि छातीशी धरले. मग तिनं जे विचारलं, त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं.

“म्हणजे प्रस्तावना देणार नाही तुम्ही?”

“एखाद्या घरची गोष्ट दुसऱ्या गावात सांगायची झाली, तर आधी मी काय करायचे? गुंडाळी तूच धरायचीस. सांग.”

“त्या घरापुढं जमिनीवर बसायच्या. ती गोष्ट आधी त्याच घरच्या बाईला सांगायच्या.”

“आणि ती नको म्हणाली तर?”

“तर ती गोष्ट कुठंच सांगायची नाही.”

“मग प्रस्तावना शेवंताकडून घे.”

“बाई, ती शाळेत गेलेली नाही. तिला लिहिता कुठं येतं?”

“अंगठा आहे ना तिला?”

सुकृताच्या हातातलं वरचं पान ओलं झालं होतं. तिनं ते फुंकर घालून वाळवायचा प्रयत्न केला. शाई पसरली.

“तिला सांगितलं तर गावाला कळेल. मग पाळकसाहेबांना कळेल. मग कोण हात ठेवील माझ्या डोक्यावर? बासष्ट गावांतल्या बायका, बाई... नवऱ्याचा मार खाऊन येतात त्या. माझं ऐकून उभ्या राहिल्यात. त्यांना काय सांगू?”

बाईंनी टरफल बोटांत आणखी चुरलं.

“मी गेले होते शेलवडीला,” त्या म्हणाल्या. “सलोमीला मातीत ठेवलं, त्याच आठवड्यातल्या शनिवारी. ठकठकीचं सांगायला. शेवंतानं दार उघडलं नाही.”

“मग?”

“मग परत आले. दुसऱ्या दिवशी उपासना होती.”

सुकृतानं त्यांच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या आताही रडत नव्हत्या. फक्त त्यांच्या हातातलं टरफल पीठ झालं होतं.

“शेलवडीची शेवटची एस. टी. पाचला आहे,” बाई म्हणाल्या.

सुकृतानं कागद पिशवीत घातले. मग त्यातलं सतरावं पान बाहेर काढलं, घडी करून हातात ठेवलं आणि पिशवी बाईंच्या खाटेवर ठेवून दिली. वाकून चपला घातल्या. उंबऱ्यात ती थांबली.

“आणि मलाही तिनं दार उघडलं नाही तर?”

बाई भिंतीच्या आधारानं उठल्या. चाचपत त्या दारापर्यंत आल्या, आतल्या खोलीच्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“तर बाहेर बस,” त्या म्हणाल्या. “उद्याची उपासना सुटेपर्यंत.”